हरल्यावर बाईट देताना

बीड, परभणी, लातूरकडची पोरं राज्य स्पर्धेला जाताना डाव घोटवून जातात, बोलण्याची तयारी कुणीच करून घेत नाही. सामना हरला की बाईटसाठी, म्हणजे कॅमेऱ्यासमोरच्या छोट्या प्रतिक्रियेसाठी, बूम (चॅनेलचा माईक) समोर येतो आणि तोंडातून पहिलं निघतं, "पंचांनी हरवलं." चॅनेलला तेवढंच वाक्य पुरतं, पुढचं सगळं कापलं जातं. पंचांबद्दल तक्रार असेल तर ती संघ व्यवस्थापकामार्फत, मुदतीत, लेखी करा. माईकवर केलेल्या तक्रारीने निकाल फिरत नाही, कारवाई मात्र होऊ शकते.

मोठे खेळाडू हरल्यावरही समोरच्याला पटवत असतात, फक्त क्रम सांभाळून. 19 नोव्हेंबर 2023 ला अहमदाबादच्या क्रिकेट विश्वचषक फायनलनंतर भारताचा कर्णधार रोहित शर्मा काय बोलला ते नीट ऐका. आधी कबुली: आज आम्ही कमी पडलो. मग आकडा: 20-30 धावा जास्त हव्या होत्या (भारताच्या 240 होत्या). मग ऑस्ट्रेलियाच्या हेड आणि लाबुशेनला श्रेय. दिव्याखाली खेळपट्टी फलंदाजीला सोपी झाली हेही त्याने सांगितलं, पण त्याची सबब करायची नाही असं लगेच जोडून. कारण पोचलं आणि रडगाणंही वाटलं नाही. हेच वाक्य सुरुवातीला आलं असतं तर दुसऱ्या दिवशी मथळा खेळपट्टीचा झाला असता.

मराठीत एक जास्तीची अडचण आहे. आपली क्रियापदं दोष आपोआप झटकतात: कॅच सुटला, पाय घसरला, चूक झाली. जणू कुणी काही केलंच नाही! "कॅच मी सोडला" म्हटलं की ऐकणारा पुढचं ऐकतो. चुकीला 'मी', श्रेयाला 'आम्ही', एवढं तरी पाठ करा.

आकडा असेल तर तो वापरा. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे 2022 ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत 3000 मीटर स्टीपलचेसला (अडथळ्यांची शर्यत) 8:11.20 वेळेत दुसरा आला, सुवर्ण 8:11.15 ला गेलं. इथे 'थोडक्यात हुकलं' म्हणण्यापेक्षा 0.05 सेकंद जास्त बोलतं. खो-खोतल्या मुलीनेही असंच सांगावं: "मी 1 मिनिट 10 सेकंदांत बाद झाले, दोन मिनिटं तरी टिकायला हवं होतं. सरळ पळत राहिले, हूल द्यायला कमी पडले. आता त्यावरच सराव."

एनबीए या अमेरिकन बास्केटबॉल लीगमधल्या यानिस आंतेतोकुंपोची नक्कल मात्र नवख्याने करू नये. 2023 मध्ये प्लेऑफच्या (मोसमाअखेरच्या बाद फेऱ्यांच्या) पहिल्याच फेरीत संघ बाहेर पडल्यावर 'हा मोसम अपयशी का?' या प्रश्नावर त्याने उलट विचारलं: तुम्हाला दरवर्षी बढती मिळते का? मायकल जॉर्डन 15 वर्षं खेळला, 6 विजेतेपदं. मग बाकीची 9 वर्षं वाया गेली का? मोजायचं मापच त्याने बदललं. ते शोभलं, कारण 2021 चं विजेतेपद गाठीशी होतं. जिल्हा स्पर्धेत हरून असं बोललात तर गुर्मी दिसेल.

सरावाला फोन पुरे. तालमीत किंवा क्रीडा संकुलात हरलेल्या सरावसामन्यानंतर, दम लागलेला असतानाच, 30 सेकंदांचा व्हिडिओ काढा. गार झाल्यावर काढलेला उपयोगाचा नाही. पाहताना तीन गोष्टी तपासा: 'पण' किती वेळा आला, डोळे कुठे होते, आणि बातमीदाराचा टोचरा शब्द तुम्ही स्वतः उच्चारला का. "तुम्ही घाबरलात का?" याला "नाही, मी घाबरलो नाही" म्हटलं की मथळ्यात 'घाबरलो' येतो. "पहिल्या दोन चढाया मी घाईत केल्या" एवढं बोला आणि थांबा. पुढची शांतता भरून काढायला जाऊ नका, नको ते वाक्य तिथेच निसटतं.