ओपन जेनेरिकच्या नादी लागण्याआधी हे वाचा

रिपॉझिटरी<टी> असा एकच क्लास (टी म्हणजे नंतर भरायच्या टाइपची मोकळी जागा) एक्सपोर्ट करायचा, म्हणजे इतरांना मागता येईल असा जाहीर करायचा, आणि कोणी रिपॉझिटरी<कस्टमर> मागितला की ऑब्जेक्ट बनवून जोडून देणाऱ्या फ्रेमवर्कनेच टीच्या जागी कस्टमर बसवून द्यायचा, ओपन जेनेरिकचा सपोर्ट म्हणजे एवढंच. तो नसेल तर प्रत्येक एंटिटीसाठी एकेक रिकामा क्लास लिहीत बसा (बसलोय आम्ही). डॉटनेटच्या मेफमध्येसुद्धा (मॅनेज्ड एक्स्टेन्सिबिलिटी फ्रेमवर्क, असंच जोडणी करणारं) हे २०१० च्या ४.० ला नव्हतं, २०१२ ला ४.५ बरोबर आलं.

आमच्या छोट्या फ्रेमवर्कमध्ये हे घालायचं काम माझ्याकडे आलं तेव्हा वाटलं एका संध्याकाळचं आहे, रिफ्लेक्शनमध्ये (प्रोग्राम चालू असताना टाइप हाताळायची सोय) टीच्या जागी खरा टाइप भरणारं मेकजेनेरिकटाइप आहेच की! ती ओळ पाच मिनिटांत चालली पण, आणि मग तीन आठवडे गेले.

पहिली गोची जुळवणीची. मेफसारखंच आमच्याकडेही टाइप नाही, कॉन्ट्रॅक्टचं नाव (मागणी आणि एक्सपोर्ट ज्या नावाने एकमेकांना ओळखतात ते) जुळवतात, म्हणजे साधी स्ट्रिंग. तेव्हा ओपन एक्सपोर्टच्या नावात टीची जागा मोकळी ठेवायला लागते. त्यात क्लास मॅपर<ए, बी> असेल आणि तो आयमॅपर<बी, ए> इम्प्लिमेंट करत असेल तर संपलंच, मागणीतले टाइप आहे त्याच क्रमाने क्लासला दिले की उलटा ऑब्जेक्ट तयार होतो, कंपायलर गप्प, आणि रनटाइमला कास्ट फेल. इंटरफेसचा कुठला पॅरामीटर क्लासच्या कितव्या जागी जातो याचा तक्ता आधी बनवा, नवीन असाल तर पहिली टेस्ट हीच लिहा. एका पॅरामीटरच्या टेस्टमध्ये हे कधीच दिसत नाही, माझ्या सगळ्या हिरव्या होत्या!

दुसरा बग मात्र माझाच गाढवपणा. दर मागणीला क्लोज्ड टाइपची (म्हणजे टी भरून झालेल्या टाइपची) नवी डेफिनिशन बनवत होतो, त्यामुळे शेअर्ड, म्हणजे सगळ्यांना मिळून एकच ऑब्जेक्ट, म्हणून मार्क केलेल्या पार्टचे (एक्सपोर्ट केलेल्या क्लासचे) दोन दोन ऑब्जेक्ट व्हायचे, एकात लिहिलेलं दुसऱ्यात दिसेना, दोन दिवस थ्रेडिंगला शिव्या घातल्या. ओपन डेफिनिशन अधिक टाइप आर्ग्युमेंट्स अशी की (key) धरून ती डेफिनिशन कॅश केली, मग थांबलं.

कन्स्ट्रेंट्सचं, म्हणजे टीवर घातलेल्या अटींचं, थोडक्यात सांगतो. टी क्लासच हवा असं लिहिलंय आणि कोणी इंट मागितला तर मेकजेनेरिकटाइप एक्सेप्शन फेकतं, म्हणून आधीच तपासा आणि तो एक्सपोर्ट जुळतच नाही असं धरा.

आयहँडलर<लिस्ट<टी>> वाला केस, म्हणजे टी दुसऱ्या टाइपच्या पोटात असतो तो, आम्ही सरळ सोडला, स्टार्टअपलाच स्पष्ट एरर देतो. अजून कोणी मागितलेला नाही.