यवतेश्वरचा उतार आणि ब्रेक
साताऱ्याहून कास पठारावर सायकलने जाताना चढाला दम निघतो, पण पडायची भीती उतारालाच. वाटेतल्या यवतेश्वर घाटात ब्रेक सतत दाबून धरू नका. रिम ब्रेक (चाकाच्या कड्यावर, म्हणजे रिमवर पॅड दाबणारा) असेल तर रिम तापते, पॅड झिजतात, बोटं आखडतात ती वेगळीच. वळणाआधी, सायकल सरळ असतानाच दोन्ही ब्रेक लावून वेग कमी करा आणि वळणात हळूहळू सोडा. वळणाच्या बाहेरच्या बाजूचा पाय पेडलसह खाली, नजर वळण संपतं तिथे. पावसाळ्यात ओल्या रिमवर पहिली पकड नुसतं पाणी पुसण्यात जाते, म्हणून ब्रेक जरा लवकरच लावा. धुक्यात मागचा लाल दिवा दिवसाही हवाच. फुलांच्या हंगामातल्या रविवारी मात्र हा रस्ता गाड्यांनी तुंबतो. तेव्हा उजाडताच जाऊन या, नाहीतर सरळ दुसरा वार बघा.