जुन्या जपानी बेसबॉल पिचरचं करिअर कसं वाचायचं

साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या जपानी पिचरचं (बॅटरला बॉल टाकणाऱ्याचं) रेकॉर्ड समोर आलं की आपली नजर आधी खालच्या टोटलवर जाते, एवढे विजय, बस्स, भारी होता. असं वाचू नका. टोटल सगळ्यात शेवटी बघा. आधी एकेक वर्षाची ओळ, आणि त्यातही विजयांच्या आधी किती मॅच आणि किती इनिंग ते बघा. (विजय म्हणजे टीमने जिंकलेल्या ज्या मॅचचं श्रेय त्या पिचरच्या नावावर लागतं ती, आणि इनिंग म्हणजे मॅचचा एक भाग, एका मॅचमध्ये साधारण नऊ.)

उदाहरणाला काझुहिसा इनाओ घ्या, फुकुओकाच्या निशितेत्सु लायन्स टीमचा पिचर. 1956 ला आला, पहिल्याच सीझनला 21 विजय, मग 35, 33, 30, 20 आणि 1961 ला 42. आता या 1961 वर जरा थांबा. 78 मॅच, 404 इनिंग. टीमच्या एकूण मॅच 140, म्हणजे निम्म्याहून जास्त मॅचमध्ये हाच माणूस माऊंडवर (पिचरच्या जागेवर), कधी सुरुवातीपासून तर कधी शेवटी मॅच वाचवायला, आणि तेव्हा त्यात कुणाला फारसं वावगं वाटत नव्हतं. आता खाली या. 1962 ला 25, 1963 ला 28, 1964 ला शून्य. खांदा गेला होता. नुसतं 276 विजय वाचून हे कळलं असतं का?

चुनिची टीमचा पिचर हिरोशी गोंदो, त्याचं तर अजून वाईट झालं. 1961 ला रूकी (नवखा) म्हणून 35 विजय, पुढच्या वर्षी 30, आणि त्यानंतर 10. संपलाच म्हणायचा. (हाच गोंदो पुढे मॅनेजर झाला आणि 1998 ला योकोहामा टीमला चॅम्पियन केलं, पिचरना जपून वापरणारा म्हणून त्याचं नाव होतं, साहजिकच आहे म्हणा.)

जपान सीरीज (दोन्ही लीगच्या विजेत्यांमधली फायनल) वेगळी बघायची, ती सीझनच्या आकड्यात धरत नाहीत. इनाओची 1958 ची सीरीज बघाच. जायंट्स टीमविरुद्ध लायन्स पहिल्या तीन मॅच हरले, मग पुढच्या चारही लायन्सनी जिंकल्या आणि चारही विजय इनाओच्या नावावर, वर पाचव्या मॅचमध्ये दहाव्या इनिंगला होमरन मारून मॅच संपवली ती पण यानेच. सातपैकी सहा मॅचमध्ये पिचिंग केलं राव!

मधली वर्षं गायब दिसली तर घाईने दुखापत समजू नका. बॅटर तेत्सुहारू कावाकामीचं 1942 नंतर एकदम 1946 येतं, ते युद्धामुळे. 1945 ला तर लीगच झाली नाही. सेंट्रल आणि पॅसिफिक अशा दोन लीग 1950 पासून, त्याआधी एकच होती, आणि 1937-38 ला वर्षात दोन सीझन झाले, त्यामुळे एकाच वर्षाच्या दोन ओळी दिसल्या तर गोंधळू नका. टीमचं नाव बदललं म्हणजे खेळाडूने टीम बदलली असंही नसतं, ओसाका टायगर्स 1961 ला हानशिन टायगर्स झाली, माणसं तीच.

आकडेही कधीकधी हलतात. पिचर व्हिक्टर स्टार्फिनचे 1939 चे 42 विजय नंतर नियम लावून 40 केले होते, मग पुन्हा 42 केले, म्हणून जुन्या आणि नव्या पुस्तकात फरक दिसू शकतो.

आणि एक, मेइक्यूकाई हा 200 विजय, 250 सेव्ह (शेवटी येऊन वाचवलेल्या मॅच) किंवा 2000 हिट्सवाल्यांचा (बॅटरचे यशस्वी फटके) क्लब, त्यात नाव नाही म्हणून कुणाला कमी लेखू नका. 2000 हिट्स सगळ्यात आधी मारले कावाकामीने, पण क्लबला शोवा काळात (1926 पासून) किंवा त्यानंतर जन्मलेलेच चालतात आणि हा 1920 चा, म्हणून बाहेर.