गोचिडावर बागेचं औषध, बोक्याला एरंडेल : कुत्र्या-मांजरांच्या बाबतीत या चुका टाळा

सांगलीत जनावरांच्या दवाखान्यात काम करते. टेबलावर कुत्रं-मांजर ठेवलं की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "घरी काय दिलंत?" कारण निम्म्या वेळा आजार राहतो बाजूला आणि घरी करून बघितलेला उपायच निस्तरावा लागतो. कुणी शेजाऱ्याचं ऐकतं, कुणी मोबाइलवर व्हिडिओ बघतं, कुणी उरलेली गोळी अर्धी करून देतं. माया सगळ्यांचीच असते, पण घाई नडते. दरवर्षी त्याच त्या चुका बघून जीव तुटतो, म्हणून हे लिहायला घेतलं.

गोचिडावर शेतीचं औषध

ही चूक सगळ्यात वर, कारण आपल्या जिल्ह्यात ती फार सोपी आहे. द्राक्षबाग असलेल्या घरात फवारणीच्या औषधांचं कपाट असतंच. उन्हाळा लागला की गोचीड वाढतात, कानात, बोटांच्या बेचक्यात, मानेखाली लटकलेले दिसतात. मग कुणीतरी म्हणतं, "बागेतल्या किडीला चालतं, याला का चालणार नाही?"

तासगावकडचे एक बागायतदार भर दुपारी लॅब्राडोर घेऊन आले. सकाळी बादलीत अंदाजानं औषध कालवून फडक्यानं अंगभर चोळलं होतं. कुत्रं अंग चाटत बसलं आणि दोन तासांत तोंडातून लाळेच्या तारा, मागचे पाय लटपटत, अंगभर थरथर. डॉक्टरांनी डोळ्यांत बॅटरी मारली तर बाहुल्या आकसून बारीक झालेल्या. औषध कुठलं होतं ते सांगता येईना. शेवटी घरी फोन लावला. सुनेनं बाटली उजेडात धरून अर्ध्या फाटलेल्या लेबलवरचं नाव एकेक अक्षर वाचून दाखवलं. ऑरगॅनोफॉस्फेट गटातलं कीटकनाशक निघालं. त्यावर अ‍ॅट्रोपिनचा उतारा आहे म्हणून कुत्रं वाचलं, आणि वेळेत आणलं म्हणून. भांड्याच्या साबणानं, हातमोजे घालून त्याला मी स्वतः धुतलं. धुताना कानामागं गोचीड जिवंत होते.

एवढं करून गोचीड जात का नाहीत, तेही सांगते. कुत्र्यावरची मादी रक्त पिऊन टम्म झाली की खाली पडते, भिंतीच्या फटीत, दाराच्या चौकटीमागं, गोणपाटाखाली जाऊन अंडी घालते, एका वेळी हजारोंनी. तुम्ही कुत्रं धुता, पण पुढची पिढी भिंतीत तयार होत असते. म्हणून माझ्या घरची पद्धत अशी: कुत्र्याला डॉक्टरांनी वजन बघून दिलेली चघळायची गोळी, तारीख न चुकवता, थंडीतसुद्धा. फिट येणारं कुत्रं असेल तर ते डॉक्टरांना आधी सांगायचं. अंथरूण आठवड्याला गरम पाण्यात. भिंतींच्या फटी सिमेंटनं बुजवलेल्या. आणि रोज रात्री टीव्ही बघताना कानाच्या आतून शेपटीपर्यंत बोटं फिरवायची. सापडलेला गोचीड चिमट्यानं कातडीजवळ धरून सरळ ओढायचा आणि साबणाच्या पाण्यात टाकायचा. नखानं चिरडायचा नाही, त्यावर रॉकेल ओतायचं नाही, काडी पेटवून तर अजिबात नाही.

कुत्र्यांसाठीचं मानेवर टाकायचं औषध मांजराला लावू नका. त्यातलं परमेथ्रिन मांजराला सोसत नाही, झटके येतात. "तेच तर आहे, थोडं कमी टाकलं," हे ऐकलं की मला खरंच राग येतो.

आता गोचिडाच्या तापाबद्दल, कारण या चुकीचं दुसरं टोक तिथं आहे. कुत्रं मलूल होतं, खाणं सोडतं, हिरड्या पांढऱ्या पडतात, कधी घोळणा फुटतो, कधी लघवी कॉफीच्या रंगाची होते. रक्त तपासलं की प्लेटलेट्स घसरलेल्या. गोचिडातून येणारे जंतू दोन तऱ्हेचे, एर्लिकिया आणि बबेसिया. एर्लिकिया असेल तर डॉक्सीसायक्लिनचा कोर्स साधारण २८ दिवसांचा असतो. बबेसिया असेल तर औषधच वेगळं. पण चौथ्या-पाचव्या दिवशी कुत्रं उठून भाकरी खायला लागतं आणि घरचे गोळ्या बंद करतात. महिन्या-दोन महिन्यांनी तेच कुत्रं परत येतं, आणि या वेळी जास्त खालावलेलं असतं. गोळ्यांची पट्टी फ्रीजच्या दाराला चिकटवा आणि रोज तारीख खोडा. ती गोळी रिकाम्या पोटी दिली तर उलटी होते, घास पोटात गेल्यावरच द्या.

बोका सारखा मातीत बसतोय

"ताई, याला बद्धकोष्ठ झालंय, एरंडेल पाजलं तरी होईना." हे वाक्य बोक्याबद्दल कानावर आलं की हातातलं काम टाकून मी डॉक्टरांना हाक मारते.

विश्रामबागेतल्या एका घरचा बोका, चार वर्षांचा, गुबगुबीत, घरातच राहणारा, फक्त कोरडं खाद्य खाणारा. डिसेंबरातली थंडी, पाणी कमीच पीत होता. आजींनी बघितलं होतं की तो परवापासून शी-शूसाठी ठेवलेल्या वाळूत जातो, वाकून बसतो, ओरडतो, काही न होता बाहेर येतो. पहिल्या दिवशी एरंडेल झालं. दुसऱ्या दिवशी रविवार म्हणून थांबले. सोमवारी सकाळी आणलं तेव्हा तो मान टाकून पडलेला. पोटाला हात लावला तर मूत्राशय मोसंबीएवढं टणक. त्याची लघवी अडली होती, शौचाचा प्रश्नच नव्हता. अशा वेळी मूत्रपिंडं काम थांबवतात, रक्तातलं पोटॅशियम चढतं आणि हृदयाचे ठोके मंदावतात. नळी घातली, सलाइन लावलं. दुपारपर्यंत तो गेला. आजी बाकावर रिकामी पिशवी धरून बसून होत्या. त्यांना कुणी हे आधी सांगितलंच नव्हतं.

म्हणून सांगते. बोक्याच्या मूत्रमार्गाचा शेवटचा भाग फार अरुंद असतो, बारीक खड्यांनी किंवा चिकट गाळानं तो तुंबतो. पूर्ण अडलं तर हाताशी एखादाच दिवस असतो. वाळूत ओला गोळा दिसतोय का, हे रोज वाळू काढताना बघा. थेंबही पडत नसेल तर रात्र असो की रविवार, निघा. रात्री-अपरात्री कोण डॉक्टर फोन उचलतात ते आजच विचारून नंबर लिहून ठेवा, त्या वेळी शोधत बसू नका.

माझ्या घरी मांजरांसाठी तीन ठिकाणी पाणी असतं, पसरट भांड्यात, खाण्याच्या ताटलीपासून लांब. कोरडं खाद्य मी कोमट पाण्यात भिजवूनच देते. कटकट वाटते, पण रोजच्या कामात बसून जाते.

बेदाणा

हे मी प्रत्येक नव्या पालकाला सांगते आणि प्रत्येक वेळी समोरचा चमकतो. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याला विषारी आहेत. एखादं कुत्रं मूठभर खाऊन धडधाकट राहतं, तर दुसऱ्याची थोडक्यात मूत्रपिंडं निकामी होतात. सुरक्षित प्रमाण असं नाहीच. आधी उलट्या, मग सुस्ती, आणि दोन-तीन दिवसांत लघवी बंद होऊ शकते. आपल्याकडे बेदाणा शेडवर राखणीला कुत्री असतात, घरात शिऱ्यात, लाडवात, पुलावात बेदाणा असतो. सत्यनारायणाचा प्रसाद प्रेमानं कुत्र्यापुढं ठेवला जातो. प्रसाद द्यायचाच असेल तर बेदाणे वेचून काढण्यापेक्षा त्याच्यासाठी केळ्याचा तुकडा बाजूला ठेवा. खाल्लेलं कळलं तर उलटीची वाट न बघता दवाखाना गाठा. पहिल्या एक-दोन तासांत पोट रिकामं करता आलं तर बराच धोका टळतो. घरी मीठ पाजून उलटी काढायला जाऊ नका, मीठही बाधतं.

तापाची गोळी

मांजराला पॅरासिटामॉल म्हणजे विष. माणसाची अर्धी गोळीसुद्धा जीव घेऊ शकते. हिरड्या तपकिरी-निळसर होतात, तोंड आणि पंजे सुजतात. कुत्र्याला आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक दिलं तर पोटात रक्तस्राव होतो. माणसाच्या डब्यातली एकही गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका.

"एक इंजेक्शन झालंय"

पिल्लाला एक डोस दिला आणि फिरायला नेलं, आठ दिवसांत रक्ताची हगवण. पार्वो. हा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो, आजारी कुत्रं दिसायलाच हवं असं नाही. लस सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होते आणि दर तीन-चार आठवड्यांनी पिल्लू सोळा आठवड्यांचं होईपर्यंत द्यावी लागते. रेबीजची तीन महिन्यांच्या आसपास, पुढं डॉक्टर सांगतील त्या तारखेला. तोवर पिल्लू अंगणात किंवा गच्चीवर खेळू दे, रस्त्यावर नको. तीस दिवसांचं पिल्लू आईपासून तोडून विकणाऱ्यांकडून घेऊच नका, त्याला ना दूध पुरलेलं असतं ना ताकद. आणि मांजर घरातच असतं म्हणून त्याला लस नको, हे चूक आहे.

कुत्र्याची वार्षिक लस मी मे महिन्यातच उरकते. कारण लेप्टो. उंदराच्या लघवीतून पाण्यात उतरणारा हा आजार कुत्र्याला होतो आणि माणसालाही. २०१९ आणि २०२१ च्या पुरात कृष्णेचं पाणी घरांत शिरलं, ओसरल्यावर चिखल राहिला आणि त्या चिखलात कुत्री फिरली. लेप्टोचं संरक्षण फार दिवस टिकत नाही, दरवर्षी लागतं, आणि पाणी चढायला लागल्यावर दिलेल्या लसीचा लगेच उपयोग नसतो. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलावर इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५. नदीकाठच्यांनी ४० च्या आधीच जनावरांचं बघावं. लसीचं कार्ड घरच्या कागदांसोबत प्लॅस्टिकमध्ये ठेवा. आणि काही झालं तरी घर सोडताना कुत्रं साखळीला बांधून जाऊ नका. नेता येत नसेल तर मोकळं सोडा, ते पोहून, चढून स्वतःला वाचवू शकतं.

आणखी काही, थोडक्यात.

हस्की आणि सेंट बर्नार्ड सांगलीच्या उन्हाळ्यासाठी नाहीत. शोभेसाठी आणून पत्र्याच्या शेडमध्ये बांधणाऱ्यांना मी तोंडावर सांगते. जत, आटपाडीकडचा कारवान जातीचा शिकारी कुत्रा बघा, याच उन्हात पळतो. पग आणि चपट्या नाकाची सगळीच कुत्री दुपारी घरात पंख्याखाली हवीत. डांबरावर हाताची मागची बाजू पाच सेकंद ठेवता येत नसेल तर फिरायला नेऊ नका. ऊन लागलंच तर साधं पाणी पोटावर, पायांवर, वर पंखा, आणि तसंच दवाखान्यात. बर्फात बुडवू नका.

जंताचं औषध अंदाजानं देऊ नका, वजन करून द्या. आधी स्वतः काट्यावर उभं राहा, मग कुत्र्याला उचलून, आणि वजाबाकी करा.

पावसाळ्यात जखमेत अळ्या पडल्या तर फिनेल, पेट्रोल ओतू नका. हळद सांगलीची कितीही चांगली असली तरी ती अळ्या काढत नाही.

फरशी पुसायच्या फिनेलचंही तेच. मांजर ओल्या फरशीवरून चालतं आणि पंजे चाटतं. फरशी वाळेपर्यंत खोली बंद ठेवा.

दूध-चपातीवर मांजर पोसू नका. त्याला मांस-मासे लागतातच, नाहीतर मांसातून मिळणारं टॉरिन कमी पडून डोळे आणि हृदय बिघडतं.

शिजवलेली कोंबडीची हाडं नकोत. कांदा-लसणाचा रस्साही नको.

कुत्री माजावर येऊन गेल्यावर महिन्या-दोन महिन्यांत खूप पाणी पीत असेल, मागून स्राव असेल, तर गर्भाशयात पू झालेला असू शकतो. पिल्लं नको असतील तर शस्त्रक्रिया वेळेवर करून घ्या.

कुत्रं किंवा मांजर चावलं तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी माणसाच्या दवाखान्यात जा, घरचं पाळलेलं असलं तरी. चुना, तिखट, तेल काही लावू नका.

दवाखान्यात येताना जे काही दिलंत, चोळलंत किंवा त्यानं खाल्लं, त्याची बाटली, रिकामी पट्टी, पुडी सोबत आणा. उलटीचा किंवा शौचाचा मोबाइलवर फोटो काढा. शेवटचं कधी खाल्लं, लघवी कधी झाली, हे निघण्याआधी घरात सगळ्यांना विचारून घ्या. आणि काय दिलं ते लपवू नका. आम्ही रागावू, पण औषध त्यावरच ठरतं.