बव्हेरियन पद्धतीची गव्हाची बिअर

1516 मध्ये जर्मनीतील बव्हेरिया प्रांताच्या ड्यूकने काढलेल्या फर्मानानुसार बिअरमध्ये केवळ जव, हॉप्स (कडवटपणा देणारी एका वेलीची फुले) आणि पाणी वापरण्यास मुभा होती. यीस्टचा, म्हणजे साखर आंबवून मद्य करणाऱ्या सूक्ष्म बुरशीचा, त्यात उल्लेखही नव्हता, आणि गव्हाची बिअर पुढे विशेष परवानगीनेच बनू लागली. महाराष्ट्रात परवान्याविना मद्यनिर्मिती गुन्हा ठरते, म्हणून ही कृती जिथे घरगुती बिअरला मुभा आहे तेथील वाचकांसाठी आहे.

दहा लिटर बिअरसाठी 1.2 किलो गव्हाचे व 1 किलो जवाचे माल्ट (मोड आणून वाळवलेले धान्य) भरड दळून घ्यावे. सात लिटर गरम पाण्यात ते कालवून मिश्रण तासभर 66 अंश सेल्सिअसवर राखावे, कारण याच तापमानाच्या आसपास माल्टमधील विकरे (एन्झाइम) स्टार्चचे साखरेत रूपांतर करतात. 78 अंशांच्या पुढे ती निकामी होतात. द्रव गाळून, चोथ्यावरून आणखी आठ लिटर गरम पाणी सावकाश सोडावे. उकळी येताच 12 ग्रॅम हॉप्स घालून तासभर उकळावे.

यानंतर स्वच्छतेत हयगय चालत नाही. द्रव झटपट 20 अंशांपर्यंत थंड करून, निर्जंतुक भांड्यात गव्हाच्या बिअरचे यीस्ट घालावे. केळ्याचा व लवंगेचा गंध याच यीस्टचा असतो. सुमारे दोन आठवड्यांनी, द्रवाच्या घनतेचे मापन सलग तीन दिवस न बदलल्यावरच, म्हणजे आंबण्याची क्रिया संपल्यावरच, लिटरमागे 7 ग्रॅम साखर मिसळून जाड काचेच्या बाटल्या भराव्यात. घाई केल्यास आत वायू साठून बाटल्या फुटतात.