गेमिंग लॅपटॉप तापतो आणि गेम अडखळतो? या चुका टाळा

गेम पहिली दहा-पंधरा मिनिटे सुरळीत चालतो, मग पंखे घोंघावू लागतात आणि चित्र अडखळते, असे झाले की बहुतेक जण थर्मल पेस्ट (चिपची उष्णता बाहेर नेण्यासाठी तिच्यावर लावायचा लेप) किंवा कूलिंग पॅड (लॅपटॉपखाली ठेवायचा पंख्यांचा स्टँड) विकत घ्यायला धावतात. सर्वांत महागात पडणारी चूक हीच आहे, कारण लॅपटॉप खरोखर उष्णतेमुळेच मंदावतो आहे का, याची खातरजमा कोणीच केलेली नसते.

प्रोसेसर ठरावीक मर्यादेपर्यंत तापला (अनेक लॅपटॉपमध्ये ती ९५ ते १०० अंश सेल्सिअस असते) की तो स्वतःच्या बचावासाठी वेग कमी करतो. यालाच थर्मल थ्रॉटलिंग म्हणतात. एचडब्ल्यूइन्फो हा मोफत प्रोग्रॅम चालू ठेवून अर्धा तास गेम खेळावा आणि तापमान, क्लॉक स्पीड (प्रोसेसरचा वेग) व वीजवापर हे आकडे एकत्र पाहावेत. तापमान मर्यादेला टेकताच ४ गिगाहर्ट्झच्या आसपासचा वेग २ वर घसरत असेल, तर दोष उष्णतेचा आहे. याउलट तापमान ७० अंशांवरच असूनही गेम पहिल्या मिनिटापासून रखडत असेल, तर मूळ चार्जरऐवजी कमी वॅटचा चार्जर लावलेला असणे, गेम स्वतंत्र ग्राफिक्स चिपऐवजी प्रोसेसरमधल्याच इंटिग्रेटेड ग्राफिक्सवर चालणे किंवा रॅमची एकच पट्टी असणे, यांपैकी काही तरी कारण असू शकते आणि तेथे पेस्ट बदलून काहीही साधणार नाही. नुसता ९० हा आकडा पाहून घाबरू नये. वेग टिकून असेल तर गेमिंग लॅपटॉपसाठी तो असामान्य नाही.

दोष उष्णतेचाच ठरला, तर पहिला संशय धुळीवर घ्यावा. खालचे झाकण काढल्यावर पंख्याची पाती बऱ्यापैकी स्वच्छ दिसतात आणि माणूस फसतो, कारण खरा थर पंखा आणि हीटसिंकच्या (चिपची उष्णता बाहेर नेणाऱ्या धातूच्या भागाच्या) पातळ पट्ट्या यांच्यामधल्या फटीत, नमद्यासारखा घट्ट बसलेला असतो. बाहेरून जाळीत हवा मारल्याने तो जागचा हलतो, पण बाहेर पडत नाही. लॅपटॉप बंद करून, चार्जर आणि बॅटरीची जोडणी काढून, शक्य असल्यास पंखा सोडवून हा थर चिमट्याने उचलावा आणि उरलेली धूळ हवेने उडवावी. हवा मारताना पाती बोटाने धरून ठेवावीत. ती मोकळी सोडल्यास प्रमाणाबाहेर वेगाने फिरून बेअरिंग खराब होऊ शकते. घरातला व्हॅक्यूम क्लीनर येथे वापरू नये, त्याच्या नळीवर स्थिर वीज साठते.

पेस्टची पाळी त्यानंतर येते. हीटसिंकचे स्क्रू त्यांच्याजवळ कोरलेल्या क्रमांकांनुसार, प्रत्येकी थोडे थोडे घट्ट करावेत, अन्यथा दाब एका बाजूला पडतो आणि नवी पेस्ट लावूनही तापमान पूर्वीपेक्षा वाढते. ग्राफिक्स मेमरीवरचे थर्मल पॅड (उष्णता वाहून नेणारे मऊ तुकडे) फाटले असतील, तर त्याच जाडीचे नवे लावावेत. अर्ध्या मिलिमीटरचा फरकही हीटसिंकला चिपपासून वर उचलून धरतो. पेस्टऐवजी लिक्विड मेटल, म्हणजे द्रवरूप धातू, लावण्याच्या मोहात तर पडूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे: ते वीजवाहक असते आणि त्यातील गॅलियम अ‍ॅल्युमिनियमला पोखरते. काही लॅपटॉपमध्ये ते कारखान्यातूनच भरलेले असते, म्हणून उघडण्यापूर्वी आपल्या मॉडेलची माहिती पाहून घ्यावी.

सेटिंग्जकडे मात्र अकारण दुर्लक्ष होते. स्क्रीन ६० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ६० चित्रे दाखवणारी, असताना गेमला सेकंदाला १४० फ्रेम (चित्रे) काढू देणे म्हणजे बव्हंशी विनाकारण उष्णता निर्माण करणे होय. फ्रेम लिमिट लावताच ग्राफिक्स चिपचा भार उतरतो. विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० ऐवजी ९९ टक्के केली, तर बहुतेक लॅपटॉपमध्ये टर्बो बूस्ट (प्रोसेसरचा वेग तात्पुरता वाढवणारी सोय) बंद होऊन तापमान लक्षणीय उतरते आणि ग्राफिक्सवर अवलंबून असलेल्या गेममध्ये फरक क्वचितच जाणवतो. गादीवर लॅपटॉप ठेवल्यास खालची हवेची वाटच बुजते; टेबलावर मागची बाजू दोन-तीन सेंटिमीटर उचलली तरी पुरते.

झाकण उघडले असताना बॅटरी फुगलेली आढळली, तर मात्र सारे काम तेथेच थांबवावे, तिला टोचू वा दाबू नये आणि ती बदलून घेईपर्यंत लॅपटॉप चार्जिंगला लावू नये.