शाळेचा गणवेश: ‘राहिलेलं आठवड्यानं न्या’ला फसू नका

दोन मुलं, नऊ जून महिने. शाळेनं ठरवून दिलेल्या दुकानात टोकन हातात आलं की आज किती तास मोडणार ते मला आता कळतं. ‘लवकर जा, गर्दी नसते’ हा सल्ला मला देऊ नका. मे महिन्यात माल आलेला नसतो आणि जूनमध्ये संपलेला असतो.

माप. मुलाला सोबत न्या, ते जमणार नसेल तर अंगाला नीट बसणारा जुना शर्ट आणि पँट न्या. वय सांगून माप मागू नका. एक नंबर मोठा घ्या, दोन नाही. पँटच्या पायाची दुमड उलटून बघा, आत दोन इंच कापड हवं.

आता खरी गोम.

काउंटरवरचा मुलगा सगळे नग धडाधड समोर टाकतो आणि शेवटी म्हणतो, “ताई, लाल हाउसचा टी-शर्ट आणि पीटीची पँट शॉर्ट आहे. आठवड्यानं या.” मागे वीस माणसं उभी, कडेवरचं लेकरू रडतंय. आपण मुकाट्यानं सगळ्याचे पैसे भरतो. मीही भरले होते. बिलावर कोपऱ्यात पेन्सिलनं ‘२ बाकी’ एवढंच. त्यानंतर चार फेऱ्या झाल्या. फोन कोणी उचलेना. तिसऱ्या फेरीला काउंटरवर नवीनच माणूस, तो पेन्सिल पुसट झालेलं बिल उजेडात धरून म्हणाला, “हे आमचं अक्षर नाही.” ऑगस्टमध्ये टी-शर्ट मिळाला तो निळ्या हाउसचा. तोवर प्रत्येक शनिवारी पोरगी कवायतीला साध्या टी-शर्टात.

तेव्हापासून माझा नियम: जेवढं पिशवीत, तेवढ्याचेच पैसे. “सेट तोडता येत नाही, बिल एकच निघतं” असं सांगतील. निघतं, दोन बिलं निघतात. काउंटरवरच्या मुलाशी हुज्जत घालू नका, त्याच्या हातात काही नसतं. गल्ल्यावर बसलेल्या मालकाशी बोला, आवाज न चढवता, पण जागचं न हलता. फारच अडून बसले तर थोडा आगाऊ द्या आणि बिलावर पेननं लिहून घ्या: कोणता नग, कोणता रंग, कोणता नंबर, कोणत्या तारखेला, खाली सही-शिक्का. तिथंच मोबाइलवर फोटो काढा. फोटो काढताना मालक बघत असला तर उत्तम.

कच्च्या चिठ्ठीवर पैसे देऊ नका. बिल नाकारणं ही २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ या पाटीलाही घाबरू नका. माल सदोष असेल तर बिलावरच्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत, तो परत घेऊन पैसे द्यावे लागतात. मात्र सदोष म्हणजे उसवलेली शिवण, दोन बाह्यांचा वेगळा रंग, बिघडलेली चेन. आपणच चुकीचा नंबर नेला तर हा कायदा कामी येत नाही, तिथं बदलून देणं दुकानदाराच्या मर्जीवर. म्हणून ‘नंबर १५ दिवसांत बदलून मिळेल’ हेही त्याच बिलावर लिहून घ्या.

घरी आल्याबरोबर सगळे कपडे घालून बघा. तोपर्यंत धुवायचे नाहीत, टॅग तोडायचा नाही.

तरीही दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन करा, मराठीत बोलता येतं. बिलाचा फोटो समोर ठेवा. मी एकदाच केला होता. तक्रार क्रमांक दुकानात दाखवला, तर ‘स्टॉक नाही’ म्हणालेली पँट माळ्यावरून खाली आली.

पहिली धुलाई वेगळी करा, आणि कॉलरच्या आत नाव मार्करनं नको, दोऱ्यानं घाला.